पटावरची लढाई आणि पालकांचे प्रश्न

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला आणि पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. तेव्हापासून आमच्या रत्नागिरी परिसरातल्या पालकसभांतून आणि व्हॉट्सॲपच्या गटांतून या विषयावर जे बोलले जाते आहे, ते ऐकून मन अस्वस्थ होते. कायद्याने हात घातला तो पैजेला. चर्चेने मात्र त्यातून ‘सरकारनेसुद्धा गेम बंद केले’ एवढाच अर्थ काढला. २०२०च्या सप्टेंबरात पब्जीसह ११८ ॲपवर बंदी आली तेव्हाही असेच झाले होते. ती बंदी देशाची सुरक्षितता आणि नागरिकांची माहिती यांच्या कारणाने होती, पण घराघरांत तिचा उपयोग मुलांना गप्प करण्यासाठी झाला. अलीकडे एका सभेत, मुलांच्या हाती कोणताही व्हिडिओ गेम देणार नाही अशी सर्व पालकांनी शपथ घ्यावी, असा प्रस्ताव आला. त्याला विरोध करणाऱ्यांची बाजूही भक्कम नव्हती: गेमने बुद्धी तल्लख होते, ई-स्पोर्ट्समध्ये पैसा आहे, काळाबरोबर चालले पाहिजे. गेम म्हणजे सगळे एकाच जातीचे, असे दोन्ही पक्षांनी गृहीत धरले होते, आणि एखाद्या खेळाचे नाव घेऊन त्यात मूल नेमके काय करते हे कोणीही सांगितले नाही. एकही पुस्तक न उघडता सगळ्या पुस्तकांविषयी असा ठराव मांडला असता, तर आपण तो ऐकून घेतला असता का?

माझे म्हणणे स्पष्ट आहे. मुलाला कोणता खेळ द्यावा हे ठरवताना पडद्यावर काय दिसते आणि किती तास दिसते, एवढे पाहून भागत नाही. तो खेळ मुलाकडून कोणत्या प्रकारचे निर्णय मागतो आणि तो बनवणाऱ्याकडे पैसा कोणत्या वाटेने येतो, हे तपासावे लागते. या दोन कसोट्या लावल्या तर टॅक्टिकल रोल-प्लेइंग गेम, म्हणजे डावपेच आणि गोष्ट यांची सांगड घातलेले पटावरच्या लढाईचे खेळ, दहा-बारा वर्षांपुढच्या मुलांच्या आयुष्यात जागा द्यावी अशा योग्यतेचे ठरतात. आणि वरवर निरुपद्रवी, रंगीबेरंगी, फुकट मिळणारे कितीतरी खेळ नापास होतात.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. पडद्यावर चौकोनी किंवा षट्कोनी घरांचा पट असतो. आपल्या बाजूला पाच-दहा पात्रे असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना नाव, चेहरा, स्वभाव आणि पूर्वायुष्य असते. आपली पाळी आली की एकेकाला हलवायचे. आपले झाले की प्रतिपक्ष हलतो. घोडेस्वार लांबवर जातो पण भाल्यापुढे हतबल होतो, धनुर्धर दुरून मारतो पण अंगावर आलेल्याला रोखू शकत नाही, झाडीत किंवा डोंगरावर उभ्या असलेल्याला वार लागणे अवघड जाते. वार लागण्याची शक्यता किती टक्के, हे बहुधा आधीच दिसते. दोन लढायांच्या मधल्या काळात ही पात्रे आपसांत बोलतात, भांडतात, जवळ येतात आणि अनुभवाने तयार होतात. घड्याळ लागलेले नसते, बोटांच्या चपळाईला किंमत नसते. माझा सातवीतला मुलगा कित्येकदा हात मांडीवर ठेवून नुसता पटाकडे पाहत बसलेला असतो, आणि तो विचार संपवीपर्यंत खेळ थांबून राहतो.

खेळ आणि जुगार यांतला भेद कोकणाला नव्याने शिकवावा लागत नाही. सावंतवाडीच्या राजघराण्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजवाड्यातच कारागीर बसवून जी गंजिफाची, म्हणजे गोल पत्त्यांची, कला मरू दिली नाही, तिच्यातली दशावतारी गंजिफा पाहावी. दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, मिळून १२० गोल पाने. निम्म्या अवतारांत दहाचे पान मोठे, उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटतो आणि एकचे पान मोठे होते. दिवसा डाव मांडला तर मान रामाचा, रात्री मांडला तर कृष्णाचा. पानाची किंमत त्याच्या जागेवरून आणि वेळेवरून ठरते, आणि ते सतत ध्यानात ठेवून खेळणाऱ्याला वाकबगार म्हणतात. हीच पाने पैसे लावूनही खेळता येतात. गणपतीच्या जागरणात पत्त्यांचा डाव पडतो तेव्हा नातवाला मेंढीकोटाला बसवणारी आणि तीनपत्तीच्या घोळक्यातून उठवून आणणारी आजी एकच असते. ती पत्त्यांवर बंदी घालत नाही, कारण दोष कुठे आहे ते तिला ठाऊक असते. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली कौशल्य आणि नशीब असा भेद मानला आणि १९६७ साली रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटले. नव्या कायद्याने ऑनलाइन खेळांपुरता तो भेद बाजूला ठेवून एकच विचारले: पैसे लावले आहेत का? आजीचा प्रश्नही तोच होता. मुलांच्या बाबतीत तो आणखी एक पाऊल पुढे न्यावा लागेल, कारण आता पैसे जिंकण्याचे आमिष नसतानाही नशिबावर पैसे घालवायला लावणारे खेळ मुलांच्या हातात आहेत.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण याच प्रकारच्या खेळांत सापडते. ‘फायर एम्ब्लेम’ ही जपानची मालिका निन्टेंडोने १९९० साली सुरू केली आणि पात्रे, गोष्ट व डावपेच एकत्र आणण्याचा हा साचा तिने रूढ केला. २०१९ साली त्या मालिकेतला ‘थ्री हाउसेस’ हा खेळ आला. तो एकदा पैसे देऊन विकत घ्यायचा. वाढीव भाग घ्यायचाच झाला तर पैशांच्या बदल्यात काय मिळणार हे आधी माहीत असते. आणि गोष्ट संपली की खेळ संपतो. त्याआधी २०१७ साली याच मालिकेचे ‘हीरोज’ हे मोबाईलवरचे रूप आले होते. ते फुकट उतरवता येते, पण त्यात पात्रे मिळतात ती सोडतीने, आणि सोडतीसाठी लागणारी रत्ने खऱ्या पैशांनी घेता येतात. हवे ते पात्र निघाले नाही तर पुन्हा सोडत, पुन्हा रत्ने. बेल्जियमने २०१८ साली पैसे देऊन उघडायच्या अशा नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवले, आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये निन्टेंडोने ‘हीरोज’ त्या देशातून मागे घेतला. ‘थ्री हाउसेस’वर अशी वेळ आली नाही. पडद्याकडे पाहून कोणत्या पालकाला हा फरक कळला असता? दोन्हींत त्याच तलवारी, तेच चिलखतधारी वीर, तीच देखणी चित्रे. एक गोष्ट सांगून निरोप घेतो, दुसऱ्याला निरोप परवडतच नाही. आपल्या सभांत हिंसेवर तासभर बोलणे होते आणि या सोडतीचा उल्लेखही होत नाही, ही मला फार मोठी चूक वाटते.

हिंसेचा आक्षेप मात्र खरोखर जड आहे, आणि तो ओलांडून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. या खेळांचे कूळ युद्धाचेच आहे. बुद्धिबळाचे प्राचीन रूप असलेल्या चतुरंगाचे नावच हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशा सेनेवरून आलेले. १८२४च्या सुमारास प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ स्वीकारला. पुढे अमेरिकेत हौशी लोकांच्या युद्धखेळांतून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा एकत्र बसून पात्रे वठवण्याचा खेळ जन्मला आणि त्याचे संस्कार घेऊन संगणकावरचे आजचे खेळ वाढले. १९८०च्या दशकात तिकडच्या अनेक पालकांनी त्या खेळाने मुले सैतानाची पूजा करू लागतात, जिवाचे बरेवाईट करतात, असा गदारोळ केला; त्याला पुरावा मिळाला नाही आणि तो विरून गेला. एवढे सांगून आपण सुटलो असे अनेकांना वाटते. कोणी म्हणतात, दशावतारी नाटकात रात्रभर राक्षस मारले जातात, पुढच्या रांगेतली पोरे डोळे ताणून ते पाहतात, त्यांचे काय बिघडले? हे उत्तर पुरेसे नाही. दशावतारात मूल पाहते. खेळात मूल हुकूम देते. कोणाला पुढे धाडायचे, कोणाला मारायचे, हे त्याचे बोट ठरवते. मारण्याचे रूपांतर टक्क्यांच्या गणितात होते, आणि बिननावाचे शिपाई पटावरून नाहीसे होतात. ज्या आईबापांना हे खटकते त्यांची नजर चुकत नाही.

पण हुकूम देणाऱ्यावर जबाबदारी येते, आणि चांगला खेळ ती जबाबदारी मुलाच्या पदरात टाकतो. ‘फायर एम्ब्लेम’च्या पहिल्या खेळापासूनचा नियम असा, की लढाईत पडलेले पात्र परत येत नाही. बुद्धिबळातले प्यादे पुढच्या डावात पुन्हा आपल्या घरात उभे असते. इथे कालपर्यंत आपल्या गावाविषयी बोलणारा माणूस पुढच्या प्रकरणात नसतो. ‘थ्री हाउसेस’मध्ये एकाच विद्यालयात तीन गट शिकतात, आपण एका गटाची बाजू घेतो, आणि पाच वर्षांनी युद्ध पेटते तेव्हा दुसऱ्या गटांतले सहाध्यायी समोरच्या बाजूला उभे दिसतात. शत्रूला तिथे नाव असते, त्याच्याबरोबर आपण जेवलेलो असतो. २०१८ सालच्या ‘इन्टू द ब्रीच’मध्ये तर आठ बाय आठ घरांच्या पटावर शत्रू पुढे कोणावर वार करणार हे आधीच दाखवलेले असते, आणि ठरावीक पाळ्या टिकून राहायचे असते. सगळे शत्रू मेले नाहीत तरी चालते, पण माणसे राहतात त्या इमारती कोसळत गेल्या की खेळ हातचा जातो. आपल्या यंत्राने मार खाऊन इमारत वाचवायची की शत्रूचा नाश करून घेताना ती जाऊ द्यायची, हा प्रश्न प्रत्येक पाळीला उभा राहतो. मारामारी दिसते म्हणून हा खेळ आणि जो दिसेल त्याला गोळी घालायला लावणारा खेळ एकाच पारड्यात टाकायचे का?

यावर माहीतगार पालक एक मार्मिक गोष्ट काढतात: मुले पडलेले पात्र तसे सोडत नाहीत, आधी जपून ठेवलेला डाव पुन्हा उघडतात. ‘थ्री हाउसेस’मध्ये तर काळ मागे फिरवण्याची सोयच आहे, आणि अलीकडच्या खेळांत पडलेले पात्र लढाईनंतर परत येईल अशी सौम्य पातळीही निवडता येते. मग परिणाम कसला आणि जबाबदारी कसली? आक्षेप खरा आहे. तरीही मूल पुन्हा मागे जाते तेव्हा काय करते ते पाहावे. लढाई जिंकलेली असते. एका दुय्यम पात्रासाठी ते जिंकलेली लढाई सोडून देते, कुठे चुकले ते शोधते, आणि तासाभराचे काम नव्याने करते. विजय पुरेसा नाही, सगळ्यांना घरी आणायचे आहे, असे त्याला कोणी सांगितलेले नसते. हे भूतदयेचे शिक्षण आहे असा दावा मी करत नाही. पण ज्या खेळात पडलेल्याची आठवणही राहत नाही, त्याच्याहून ही फार वेगळी सवय आहे.

वेळेचा प्रश्न मी अधिक गंभीर मानते. असा एक खेळ पूर्ण करायला चाळीस, पन्नास, कधी त्याहून अधिक तास लागतात. पावसाळ्यात, बाहेर धारा लागलेल्या असताना, मूल संध्याकाळभर त्यात बुडून राहू शकते. ‘एवढी पाळी संपवतो’ हे वाक्य संपता संपत नाही. डोळे, झोप आणि अंगमेहनत यांची किंमत द्यावी लागते, आणि ज्या मुलाच्या घरापासून समुद्र दिसतो त्याला पोहता येऊ नये ही कोणत्याही खेळाने भरून न येणारी उणीव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्यता दिलेल्या आणि २०२२पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे. तो थोतांड नाही. पण त्याची व्याख्या वाचली तर तिच्यात तासांचा आकडा सापडत नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळ वरचढ होणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे, ही तिची लक्षणे आहेत. म्हणून मी घरात तास मोजण्याआधी दुसरे पाहते: जेवायला हाक मारली की खेळ ठेवून येता येते का? पब्जीसारख्या, शंभर जण एकाच वेळी उतरणाऱ्या खेळात ते शक्य नसते. मूल उठले तर सोबती मारले जातात, आणि आई ही त्या क्षणी विघ्न ठरते. पाळीपाळीने चालणारा खेळ पट जसाच्या तसा ठेवून वाट पाहतो. एवढ्यावरही मूल उठत नसेल, तर दोष खेळाच्या रचनेत शोधण्याचे कारण उरत नाही आणि आपल्याला मुलाकडे पाहावे लागते. चीनने २०२१ साली अल्पवयीनांना ऑनलाइन खेळांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी एकेक तास ठरवून दिला. सरकारला तास मोजण्यावाचून मार्ग नसेल. घराला इतका ढोबळ हिशेब करण्याची गरज काय?

आता खेळांची बाजू घेणाऱ्यांविषयी. गेमने बुद्धी वाढते, गणित सुधारते, हा युक्तिवाद त्यांनी सोडून द्यावा. इंग्लंडमध्ये शाळांतून बुद्धिबळ शिकवून पाहिल्याच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले, त्यांत मुलांच्या गणितात काही फरक पडल्याचे दिसले नाही. शतकानुशतके मान मिळालेल्या बुद्धिबळाची ही स्थिती, तर कालच्या व्हिडिओ गेमने कोणत्या तोंडाने गुणपत्रिकेवर हक्क सांगावा? आणि मुलाच्या प्रत्येक आनंदाने गुण वाढवलेच पाहिजेत, ही अट आपण नाटकाला, भजनाला किंवा विटीदांडूला घातली होती का? या खेळांचे मोल त्यांच्यातल्याच अनुभवात आहे. बळ हे ज्याच्या त्याच्या अंगात नसून जागेत आणि वेळेत असते, ही गोष्ट त्यांच्यात हाताळून कळते.

आमच्या किनाऱ्याचा इतिहास हेच सांगतो. १६७९ साली मायनाक भंडारी यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ल्याचे काम काढले, आणि मुंबईच्या इंग्रजांनी बेटाची कोंडी करायला जहाजे पाठवली. तोफांच्या बळात ती जहाजे वरचढ होती, पण त्यांना खोल पाणी हवे, वारा हवा. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर चालत, उथळ पाण्यात शिरत, आणि रात्रीच्या अंधारात इंग्रजांना चुकवून बेटावर रसद पोहोचवत. मराठ्यांचा सरदार दौलतखान याच्या आरमाराने ऑक्टोबरात उघड्या समुद्रात चढाई केली तेव्हा इंग्रजांच्या मोठ्या जहाजाने ती परतवली. तरी कोंडी साधली नाही आणि अखेर इंग्रजांना माघार घ्यावी लागली. मी हे मुलाला शाळेच्या धड्यातून आधीही वाचून दाखवले होते, तेव्हा ती त्याच्यासाठी एक सनावळी होती. पटावरच्या लढाया खेळू लागल्यावर त्याने विचारले, की ओहोटीच्या वेळी इंग्रज कुठे नांगर टाकत असतील, आणि अमावास्येला रसद जास्त जात असेल का. उत्तर मला देता आले नाही, पण इतिहासाला असे प्रश्न विचारता येतात हे त्याला कळले होते. बुद्धिबळाच्या पटावर सगळी घरे सारखी असतात. इथे दलदल, पाणी, डोंगर आणि रात्र मोजावी लागते, आणि भरती-ओहोटी पाहत वाढणाऱ्या मुलाला ती चटकन उमगते.

अर्थात सगळेच खेळ सगळ्या वयांना नाहीत. ‘थ्री हाउसेस’ला युरोपात बारा वर्षांपुढचा खेळ असे मानांकन आहे आणि ते मला योग्य वाटते. १९९७चा ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ हा उच्चकुलीन आणि सामान्य यांच्यातल्या वैराची, आणि खरा नायक इतिहासातून पुसला जाण्याची कथा सांगतो. तो मी पंधरा-सोळाच्या आधी देणार नाही, आणि त्या वयात आवर्जून देईन. आपल्याकडे चित्रपटाला प्रमाणपत्र लागते, व्हिडिओ गेमला तसे वयोगटाचे सरकारी प्रमाणपत्र लागत नाही, तेव्हा हे काम पालकांवर येते. त्यासाठी शेजारी बसून दोन-तीन लढाया स्वतः खेळाव्या लागतात. शपथ घेण्यापेक्षा यात अधिक कष्ट आहेत हे मान्य.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत न्याय्य वाटतो, आणि तो सभेत मांडला गेला नाही: हे सगळे कोणाला परवडते? कन्सोल महाग, खेळ महाग, संवाद इंग्रजीत. ज्या घरातला बाप मुंबईत नोकरीला आहे आणि एकच मोबाईल आहे, तिथे मुलाच्या वाट्याला फुकटचा, जाहिरातींनी आणि सोडतींनी भरलेला खेळच येतो. मुलीच्या वाट्याला बहुधा तोही येत नाही, कारण मोबाईल भावाकडे असतो. पण यातून बंदीचे समर्थन निघत नाही. २००३पासून विकसित होत आलेला ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा मुक्त, म्हणजे कोणालाही बदलता आणि वाटता येणारा, खेळ संगणकावर पूर्णपणे विनामूल्य आहे आणि जुन्या साध्या संगणकावरही चालतो. त्यात काही जमाती दिवसा बलवान, काही रात्री. जंगलात कोणी लपतो, पाण्यात कोणी वरचढ ठरतो. अनुभवी सैनिक पुढच्या लढाईत परत बोलावता येतात आणि मेलेले येत नाहीत. सोडत नाही. शाळेच्या संगणककक्षात शनिवारी एक तास तो लावता आला, तर मुली आणि मुलगे एका बाकावर बसून तो खेळू शकतील, आणि शिक्षकाला त्यांचे निर्णय पाहता येतील. त्याची भाषांतरे जगभरचे स्वयंसेवक करतात, आणि मराठीचे काम करायला तिथे कोणत्याही कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागत नाही. आमच्या भागात निवृत्त शिक्षक आहेत, इंग्रजी जाणणारे पदवीधर तरुण आहेत, आणि वापराविना झाकून ठेवलेले संगणकही आहेत. पुढच्या पालकसभेत मी शपथेच्या प्रस्तावाला विरोध करणार आहे आणि त्याच्या जागी हा प्रस्ताव लेखी देणार आहे.